खोकी कशी वाजतात?

माझ्या मेहुण्याचं एक पत्र बरीच वर्षं माझ्या टेबलाच्या खणात पडून होतं आणि मी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं. पत्रांचा मला कंटाळा आहे असं नाही. ग्रंथालयातल्या नोकरीत मी वाचकांना, प्रकाशकांना, पुस्तक नेऊन गप्प बसलेल्यांना जन्मभर पत्रं लिहिली, आणि ती सगळी नम्र होती. या एका पत्राला मात्र मला उत्तर सुचेना.

पत्र लहानच होतं. सुताराच्या जाड पेन्सिलीने, फळीवर खूण करावी तशा ठसठशीत अक्षरात लिहिलेलं.

"भाऊजी, ताई गेल्यापासून तिकडे येणं झालं नाही. माझे कान आता कामाचे राहिले नाहीत. रंधा चालतो तो हाताला कळतो, कानाला कळत नाही. म्हणून फोन करू नका, लिहा. एकच विचारायचं आहे. खोकी कशी वाजतात? मागे मी तुमच्या बोलण्यावर विश्वास ठेवला नव्हता, ताईच्या सुईवर ठेवला होता. आता ती सुई नाही, तेव्हा तुमच्या शब्दावरच भागवायचं आहे. पण छान म्हणू नका. खरं काय ते लिहा. ठोक्या."

ठोक्या हे माझ्या बायकोने तिच्या धाकट्या भावाला ठेवलेलं नाव. चालायला लागल्यापासून तो काही ना काही ठोकत असे म्हणे. पुढे सुतार झाला, कपाटं केली, दारं-खिडक्या केल्या. एकदा कुणाचा तरी जुना रेडिओ त्याच्याकडे नवी पेटी करायला आला. पेटी बदलल्यावर आतला गाणारा माणूसच बदलला असं त्याला वाटलं, आणि तेव्हापासून त्याला आवाजाचं वेड लागलं. त्या वेडातून त्याने आमच्यासाठी स्पीकरची दोन उभी खोकी केली. मी कौतुकाने स्पीकर म्हणत असे. तो स्वतः खोकीच म्हणायचा, म्हणून घरात तोच शब्द राहिला.

खोकी आली तेव्हा ती ठेवायची कुठे, हा प्रश्न पडला. बाहेरच्या खोलीत माझी पुस्तकं. माणसानेसुद्धा तिरकं होऊन जावं लागे. बायको म्हणाली, "ह्यांची पुस्तकं काही हलायची नाहीत. ठेव माझ्या खोलीत. मला भेटायला येतंय कोण? गिऱ्हाइकंच ना? त्यांनाही जरा करमेल."

ती कोट शिवायची. तिच्या खोलीत एका भिंतीला कापडाचे तागे रचलेले असत, समोरच्या भिंतीला लांब दांडीवर अर्धे शिवलेले कोट लटकत. बाह्या नसलेले, कॉलर नसलेले, टाचण्या टोचलेले. खिडकीशी मशीन, मधे कापायचं टेबल आणि कोपऱ्यात पुरुषभर उंचीचा, लाकडी चौकटीचा आरसा. आरसा मात्र कधी उघडा नसे. उरलेल्या तुकड्यांची तिने एक जाडजूड गोधडी शिवली होती, ती त्याच्यावर टाकलेली असे. "आरसा उघडा ठेवला की बायका मापं द्यायचं सोडून स्वतःकडे बघत बसतात," ती म्हणायची. "आणि मग मापं चुकली की शिव्या मला." कोट पुरा झाला, अंगावर चढला, की मगच ती गोधडी उचलायची. पडदा वर जावा तशी. तेवढा एक नाटकीपणा तिच्यात होता.

खोकी आणून ठेवली तरी ठोक्याचं काम संपलं नव्हतं. तो आमच्याकडेच राहिला, तिच्या खोलीत ताग्यांच्या पायथ्याशी झोपायचा. रोज मागची फळी उघडायची, आत लोकर घालायची, थोडी काढायची, कुठलीतरी बारीकशी तार कथलाचा डाग देऊन बदलायची, फळी लावायची, आणि तीच एक रेकॉर्ड पुन्हा लावायची. एका बाईचं संथ गाणं होतं, मागे व्हायोलिन. मी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलेला.

"भाऊजी, आता?"

"छान."

"थांबा. आणि आता?"

"हेही छान."

"मघाशी छान, आताही छान. मग मी सकाळपासून करतोय काय?"

"दोन्ही आपापल्या जागी छान आहेत," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं. निदान एखाद्याचा घाम दिसत असताना मला तसंच वाटतं.

कोटाला काज करत बसलेली बायको हसू लागली. "अरे, ह्यांना काय विचारतोस? लग्नानंतर मी पहिल्यांदा भाजी करपवली तेव्हाही हे छानच म्हणाले. वर बुडाचं खरवडून खाल्लं."

"ते मला आवडतं," मी म्हणालो.

"बघ!"

ठोक्याने कपाळाला हात लावला. पण गाणं चालूच होतं, आणि बाई वरच्या सुरात गेली तेव्हा तो एकदम वळून बहिणीकडे बघायला लागला.

"ताई, तू का थांबलीस?"

"मी कुठे थांबले?"

"तुझी सुई थांबली. बाईने सूर चढवला आणि तुझी सुई थांबली. खांदे पण वर गेले."

"काहीतरीच. मला तुमच्या गाण्यातलं काय कळतंय?"

"तुला नाही कळत, तुझ्या सुईला कळतं," तो म्हणाला. आणि त्या दिवसापासून त्याने मला विचारणं सोडलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी सुटलो होतो. तो गाणं लावायचा आणि जमिनीवर मांडी घालून तिच्या हाताकडे टक लावून बसायचा. सुई जिथे अडखळेल तिथे पेन्सिलीने कागदावर रेघ, की पुन्हा फळी उघडायची. ती वैतागायची. "असा बघत बसलास तर मी बोटातच घालीन सुई." मग एका संध्याकाळी रेकॉर्ड सुरू झाली, बाई चढली, उतरली, व्हायोलिन येऊन गेलं, रेकॉर्ड संपून पिन नुसती खरखरू लागली, तरी तिची सुई चालतच होती. ठोक्या उठला. त्याने दोन्ही फळ्यांचे स्क्रू आवळले आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर सरसाचा थेंब सोडला, म्हणजे पुन्हा कुणी उघडायला नको.

"झालं," एवढंच तो म्हणाला. नंतर मला म्हणायचा, जन्मात मनासारखं झालेलं काम ते एकच.

त्यानंतरच्या संध्याकाळी मला अजून आठवतात, पण एकेक वेगळी अशी नाही. एकच लांबच लांब संध्याकाळ असल्यासारखी. मी ग्रंथालयातून यायचो. दिवसभर लोकांना गप्प बसवायचं काम. "ह्यांना गप्प राहायचा पगार मिळतो," असं ती शेजारणींना सांगायची. घरी आल्यावर ती मशीन बंद करायची आणि हातशिलाई काढायची, कारण मशीनच्या खडखडाटात गाणं ऐकू येत नसे. इस्त्रीखाली वाफाळलेल्या लोकरीचा वास. एका दिव्याचा उजेड तिच्या मांडीवर. आवाज खोक्यांतून येतोय असं वाटायचंच नाही. कोटांच्या मागे कुणीतरी उभं आहे आणि आपल्यालाच ऐकू जाईल इतपत गातंय, असं वाटायचं. रेकॉर्ड संपली की ती दाताने दोरा तोडायची आणि म्हणायची, "बरं होतं का?" मी म्हणायचो, "छान होतं." ते मात्र खरं असायचं.

ती गेल्यावर गिऱ्हाइकं एकेक करून आली आणि आपापले अर्धे कोट घेऊन गेली. एका बाईने बाही नसलेला कोट घडी घालून छातीशी धरला आणि म्हणाली, "आता हा दुसऱ्या कुणाकडून पुरा करून घेणार नाही." तागे मुलीने एका शिवणवर्गाला देऊन टाकले. दांडी निघाली. भिंतींना रंग दिला. मी मशीन ठेवलं, कापायचं टेबल ठेवलं आणि आरसा ठेवला. कोटांची भिंत फार रिकामी दिसू लागली म्हणून आरसा कोपऱ्यातून काढून तिथे मधोमध उभा केला. गोधडी धुवायला म्हणून काढली होती, ती परत त्याच्यावर गेली नाही. थंडीचे दिवस होते. मी ती पांघरायला घेतली, आणि मग थंडी संपल्यावरही घेतच राहिलो.

पुष्कळ दिवसांनी मी रेकॉर्ड लावली, आणि मला खुर्चीतून उठावंसं वाटलं.

तीच बाई, तेच गाणं. पण तिच्या गाण्यातला प्रत्येक 'स' आणि 'च' पत्र्यावर खिळा ओढावा तसा कानात घुसत होता. व्हायोलिन तर थाळीवर सुरी घासल्यासारखं. मी आवाज कमी केला, तर बाई भिंतीपलीकडे गेली. वाढवला, तर अंगावर आली. मी रेकॉर्ड बंद केली आणि मनात म्हणालो, हे दुःखामुळे असेल. पुढच्या महिन्यात म्हणालो, वयामुळे असेल. आणि त्याच सुमाराला ठोक्याचं पत्र आलं.

छान म्हणायची त्याने बंदी घातली होती. आणि खरं लिहायचं तर काय लिहिणार? बहीण गेली आणि पाठोपाठ तुझी खोकीही गेली, असं? मी पहिली ओळ लिहून कागद फाडायचो. आधी आवाज दुरुस्त करावा, मग निवांत लिहावं, असं ठरवलं. चांगल्या कामाला उशीर करायचा हा माझा जुना मार्ग.

प्रथम कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने मला काचेच्या खोलीत बसवलं, बारीक बारीक शिट्ट्या ऐकवल्या आणि म्हणाला, "आजोबा, या वयात एवढं ऐकू येतं म्हणजे नशीब समजा. तक्रार काय आहे?"

"जरा जास्तच ऐकू येतंय," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि फी घेतली नाही.

मग पिन बदलली. फरक नाही. मग दुकानात गेलो. तिथल्या विक्रेत्याने बोटाएवढी जाड वायर दाखवली. "सर, ही लावलीत की समोरचा पडदा बाजूला झाल्यासारखं वाटेल." मला तो पडदाच हवा होता, पण एवढा वेळ माझ्यासाठी उभ्या राहिलेल्या माणसाला नको म्हणायचं कसं? वायर घेतली. पडदा खरंच बाजूला झाला असावा, कारण आवाज आणखी टोचू लागला. शेवटी माझ्या जुन्या ग्रंथालयात गेलो, ध्वनीवरची होती नव्हती ती पुस्तकं आणली, वाचली, महत्त्वाच्या पानांत चिठ्ठ्या घातल्या. समजलं पुष्कळ. झालं काहीच नाही.

मग खोक्यांचं लाकूडच वाकलं असेल, असं मनात आलं. स्क्रूड्रायव्हर घेऊन मी मागे जाऊन बसलो. स्क्रूंच्या डोक्यावर सरसाचे ते पिवळे थेंब तसेच होते, एकात ठोक्याच्या बोटाचा ठसाही होता. मी स्क्रूड्रायव्हर जागेवर ठेवला, रेकॉर्डच्या यंत्रावर फडकं टाकलं आणि ऐकणंच सोडून दिलं. पत्र खणात राहिलं.

माझी मुलगी पोहायला शिकवते. बंद छताखालच्या तलावात दिवसभर पोरांवर ओरडून तिचा आवाज कायम बसलेला असतो. सुट्टीच्या दिवशी ती माझ्याकडे येते, फ्रिज उघडून मला रागावते आणि मग आम्ही चहा घेतो. त्या दिवशी मात्र तिने फ्रिज उघडला नाही.

"बाबा, मामाला तुम्ही काय कळवलंत?"

"कशाबद्दल?"

"असा साधा चेहरा करून विचारू नका, तुम्हाला जमत नाही. दादाचा फोन होता." दादा म्हणजे ठोक्याचा मुलगा, तिचा मामेभाऊ. "मामा कारखाना आवरतोय. रंधे, करवती सगळं वाटून टाकलं. तुमच्या पत्राची वाट बघून बघून तो धरूनच चाललाय की खोकी बिघडली आणि तुम्ही भिडेपोटी बोलत नाही."

मी चहात साखर घातली. आधीच घातलेली होती.

"म्हणजे खरंच बिघडली?" ती म्हणाली.

"वाजतात," मी म्हणालो. "पण कडक वाजतात. टोचतात."

"अरे देवा. बाबा, त्याने तशीच दुसरी जोडी करायला घेतली होती. नातीसाठी. त्याच मापाची, त्याच लाकडाची. ती अर्धी होऊन पडली आहे. दादा म्हणाला, पुरी कर की, तर म्हणतो, जे एकदा चुकलं ते पोरीच्या गळ्यात कशाला बांधू? शनिवारी भंगारवाला येणार आहे. त्यात ती पण जाणार."

एका गप्प बसण्याने एवढं होऊ शकतं, हे मला त्या धंद्यात जन्म काढूनही कळलं नव्हतं.

"चला," ती उठत म्हणाली. "ऐकवा मला."

"तुला काय कळणार आहे?"

"आईला तरी कुठे कळत होतं?"

मी यंत्रावरचं फडकं काढलं, रेकॉर्ड लावली. बाईने तोंड उघडलं मात्र, मुलीने डोळे मिटून घेतले.

"बाबा! हे तर आमच्या तलावासारखं वाजतंय!"

"तलावासारखं म्हणजे?"

"फरशी, काच, पाणी, पत्रा. एक शिट्टी मारली की दहा परत येतात. म्हणून तर घशाची ही दशा." तिने जोरात टाळी वाजवली. टाळीच्या मागे एक बारीक, किर्र असं शेपूट ऐकू आलं. "ऐकलंत? थंडीत बरं असतं. पालक जाडजूड कोट घालून कडेला बसतात ना, तेव्हा आवाज त्यांच्यातच जिरतो. उन्हाळ्यात जीव जातो माझा." बोलता बोलता ती थांबली आणि भिंतीकडे बघू लागली. "इथे कोट होते," ती म्हणाली. "आणि तिथे तागे. बाबा, ही खोली अशी कधी नव्हतीच. मामाने खोकी कापडात बसून केली होती."

इतकी साधी गोष्ट असेल तर मला सुचली नसती का, असं मला वाटत होतं. साधी गोष्ट होती म्हणूनच सुचली नाही, असंही असेल.

विचार करताना केस सोडून पुन्हा बांधायची तिची सवय आहे. ती आरशापुढे जाऊन उभी राहिली. मी खुर्चीतून म्हणालो, "जरा बाजूला हो. खोकं झाकलंस."

"खोकं समोर आहे तुमच्या."

"ते नाही. आरशातलं. ऐकायचो तेव्हा मी ते बघत बसायचो. इथून दिसतं."

ती सावकाश वळली. तोंडात केसांची पिन, दोन्ही हात डोक्यामागे. "बाबा," ती पिन काढून म्हणाली, "तुम्हाला खोकं या काचेत दिसतं, म्हणजे खोक्यातून निघालेलंही या काचेवर आपटून सरळ तुमच्या कानात येत असणार. चेंडू आल्यासारखं. नाही का?"

माझ्या तोंडून "अरे" एवढंच निघालं.

"काय झालं?"

"वाचलं होतं मी हे. खुर्चीत एकाने बसावं, दुसऱ्याने भिंतीवर आरसा सरकवत न्यावा, आणि जिथे स्पीकर दिसेल ती जागा मऊ करावी. अगदी चित्रासकट होतं. चिठ्ठीसुद्धा घातली होती मी त्या पानात."

"आणि?"

"आणि पुस्तक मुदतीत परत केलं."

ती भिंतीला टेकून हसायला लागली. बसक्या आवाजात हसताना ती तिच्या आईसारखी दिसते. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! बाबा, तुमच्यासमोर पुरुषभर आरसा उभा आहे!"

"पुस्तकात तो हातात धरायचा होता," मी म्हणालो. "माझा आधीच उभा होता. मला वाटलं, तो वेगळा."

ती गाडीतून तलावावरचे मोठे टॉवेल घेऊन आली आणि आम्ही ते आरशाच्या चौकटीवर टाकले. रेकॉर्ड पुन्हा लावली. बाईच्या 'स'ची धार गेली. पूर्ण नाही, पण रक्त काढण्याइतकी राहिली नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"आईची गोधडी होती ना याच्यावर?" ती म्हणाली. "कुठे गेली?"

"माझ्या पलंगावर."

तिने टॉवेलची कड सरळ केली. मग म्हणाली, "मी तुम्हाला नवं पांघरूण आणते. चांगलं हलकं."

"नको," मी म्हणालो. "गाण्याच्या वेळी ह्याच्यावर, झोपायच्या वेळी माझ्यावर. एवढं तिला झेपेल."

आम्ही गोधडी आणली. दोघांनी दोन टोकं धरून ती आरशावर चढवली तेव्हा लक्षात आलं की चौकटीच्या मापाने तिला वरच्या बाजूला आतून दोन खिसे शिवलेले आहेत, आरशाचे खांदे त्यात बरोबर बसतात. इतकी वर्षं पांघरताना माझे पाय त्या खिशांत अडकत होते आणि मी मनातल्या मनात तिची शिलाई उसवली असं समजत होतो. मग माळ्यावरची दांडी खाली आली. तिच्यावर लटकवायला आता अर्धे कोट नव्हते, म्हणून बायकोने शिवलेले माझे दोन, मुलीचा शाळेतला एक आणि मुलीच्या अंगावरचा चालू कोट असे सगळे लटकवले. झोपायच्या खोलीतला गालिचा खोक्यांपुढे पसरला. समोरच्या भिंतीला, ताग्यांच्या जागी, माझ्या पुस्तकांचं एक कपाट ओढत आणलं. ती म्हणाली, "पुस्तकं हलली! आई असती तर पेढे…" आणि कपाट भिंतीला आणखी सरकवू लागली.

रेकॉर्ड लावून तिने विचारलं, "आता?"

"छान," मी म्हणालो.

तिने कपाळाला हात लावला.

"झालं!" ती म्हणाली. "मामाने नेमकं हेच लिहू नका म्हटलंय. बाबा, खरंच छान, की भाजी-करपलेली छान?"

आणि ते मला सांगता येईना. मला बरं वाटत होतं. पण मला तिच्या उत्साहामुळे बरं वाटत असेल, शनिवारच्या भीतीमुळे वाटत असेल. एकदा छान म्हणून ती अर्धी जोडी पुरी करायला लावायची, आणि ते खोटं निघालं तर? आपल्या मताची मला कधीच खात्री वाटली नाही. पुस्तकाच्या पाठीवर क्रमांक लिहितानासुद्धा मी आधी पेन्सिलीने लिहीत असे.

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि माझं मनगट धरलं. "या शर्टाचं बटण कुठे आहे?"

"खिशात. बरेच दिवस झाले."

मशीनच्या खणातून तिने सुई-दोरा काढला, ओवून माझ्या हातात दिला. "काढा शर्ट, शाल घ्या. तुम्ही बटण लावा. मी बघते."

"मला शिवता येत नाही."

"मलाही येत नाही. आई म्हणायची, एका घरात एक वेडी पुरे. लावा."

तिने गाणं पहिल्यापासून लावलं आणि मामा बसायचा तशी जमिनीवर मांडी घालून बसली. मी शर्टाची बाही मांडीवर घेतली. पहिला टाका बोटात गेला. दुसरा बटणाच्या भोकाबाहेर. मग भोकं सापडू लागली. सुई खाली जायची, चाचपडत वर यायची. बाई गात होती. वरच्या सुराची जागा कधी आली ते मला कळलं नाही, कारण मी दिव्याच्या उजेडात दोऱ्याचं टोक बघत होतो, आणि कोटांच्या मागे कुणीतरी उभं होतं. मी मान वर केली नाही. वर केली असती तर कुणी दिसलं नसतं, हे मला ठाऊक होतं.

पिन खरखरू लागली तेव्हा मी थांबलो.

"बाबा," मुलगी म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षाही बसला होता. "एकदाही थांबला नाहीत. ती वर गेली तेव्हासुद्धा नाही. खांदे पण जागच्या जागी."

"नक्की?"

"नक्की. आता उठा, चहा करू."

मी उठलो आणि शर्ट माझ्याबरोबर उठला. बाही पँटला पक्की शिवली गेली होती. बटण, बाही आणि मांडीवरचं कापड, तिन्ही एकात एक, मजबूत.

ती जमिनीवर आडवी पडून हसली. मीही हसलो. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत हसण्याचा आवाज परत फेकला गेला नाही. तिने कात्रीने टाके उसवले, आणि गुंता होऊन निघालेला तो दोरा मी टाकू दिला नाही.

पत्र मी तिथेच, कापायच्या टेबलावर लिहिलं. या खेपेला कागद फाडला नाही. थोडं खोडलं, पण ते तसंच राहू दिलं.

"ठोक्या, उशीर झाला. खोकी मधे बरीच वर्षं कडक वाजत होती. म्हणून मी लिहिलं नाही. तुझी चूक नव्हती. तू ती तुझ्या ताईच्या कापडात बसून केलीस आणि मी ते कापड काढून टाकलं, वर खोक्याच्या वाटेत आरसा उघडा ठेवला. आज गोधडी पुन्हा आरशावर घातली, कोट लटकवले. ताग्यांच्या वेळेइतका मऊ आवाज अजून नाही, व्हायोलिन जरा उजवीकडून जास्त येतं. पण आज पूर्ण रेकॉर्ड होईपर्यंत सुई थांबली नाही. या वेळी सुई माझ्या हातात होती. पुरावा सोबत जोडला आहे. तो इतका वेडावाकडा का, ते तुझी भाची सांगेल. नातीची जोडी पुरी कर. तिच्या खोलीत कापड भरपूर असू दे, आणि सरस लावायच्या आधी तिला काहीतरी शिवायला दे."

दोऱ्याचा गुंता पाकिटात घातला. पाकीट मधे फुगलं. मुलगी म्हणाली, "दादाला फोन करून सांगू का, भंगारवाल्याला थांबव म्हणून?"

"सांग," मी म्हणालो. "पण काय लिहिलंय ते सांगू नकोस. ठोक्याला वाचू दे."

ती फोन करत गाडीत बसली. मी पत्र घेऊन एकटाच रस्ता ओलांडला. अंधार पडायला अजून अवकाश होता. पत्रपेटीच्या फटीत पाकीट फुगीर असल्यामुळे अडकलं. मी ते परत ओढलं, दोरा बोटाने एका कडेला सारला, पत्ता पुन्हा एकदा वाचला. मुलीने गाडीचा हॉर्न वाजवला. मी पाकीट आडवं धरून आत ढकललं आणि ते खाली पडल्याचं ऐकलं.